सदनिकेतला माझा अर्धा हिस्सा

तर टेबल रिकामे होईपर्यंत हे ओट्यावर, उभ्यानेच लिहिते. टेबल सामाईक आहे. प्रियदर्शनी त्यावर वर्तमानपत्र पसरून मटार सोलते आहे. मी वही घेऊन येताना तिने पाहिले, मग मटार आणले.

मी, मैना रंगनाथ पोकळे, वय पासष्ट, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका, अविवाहित, राहणार धनकवडी, पुणे, पूर्ण शुद्धीवर आहे. हे मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. रागात लिहिते आहे. रागाने मृत्युपत्र रद्द होत नाही, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

१. धायरीची वडिलोपार्जित जमीन माझ्याकडे नाही. १९९३ साली धाकटा भाऊ जयसिंग याने हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली. "अक्का, तुला पगार हाय. वावर काय करायचं तुला?" मी सहामाहीचे पेपर तपासत होते. न वाचता सही केली. मुलांना मात्र प्रश्न दोनदा वाचा म्हणून सांगत असे. त्या वावरात आता बारा मजले आहेत. जयसिंग आणि त्याचा मुलगा शुभंकर यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. नावे राहून गेली असे कोणी म्हणू नये म्हणून हे कलम.

२. बँकेतील ठेव घरकाम करणाऱ्या चंपाबाईंची मुलगी वैष्णवी हिच्या शिक्षणासाठी द्यावी. ती बी.एड. करणार असेल तर देऊ नये.

३. शाळेने शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर फळ्यावर 'विद्यार्थीप्रिय' लिहू नये. एक तर मी नव्हते. दुसरे, त्यातला थि ऱ्हस्व आहे.

४. ही सदनिका. १९९८ साली प्रियदर्शनी वानखडे आणि मी निम्मे निम्मे घालून घेतली. एकट्या बाईला कर्ज मिळेना, भाड्याने जागा मिळेना. ती गणिताची, मूळची अमरावतीची. तेव्हा मैत्रीण होती.

मैत्री कशी संपली ते नमूद करते, कारण हिश्शाचा प्रश्न त्यावर आहे. १५ जून १९८७ रोजी आम्ही दोघी शाळेत रुजू व्हायला गेलो. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. एकाच दिवशी रुजू झालो असतो तर सेवाज्येष्ठता यादीत मी वर असते. तिच्या प्रमाणपत्राची प्रत साक्षांकित नव्हती. ती शहरात नवखी, रडकुंडीला आलेली. मी तिला घेऊन उन्हात दोन कचेऱ्या फिरले, शिक्का आणला. परत आलो तेव्हा कारकुनाने तिचा अर्ज घेतला आणि कपाट बंद केले. "तुमचं उद्या घेऊ, बाई. एका दिवसानं काय होतंय?"

सत्तावीस वर्षांनी मुख्याध्यापकपद रिकामे झाले. यादीत ती एका दिवसाने वर. तिने लेखी नकार दिला असता तर पद मला मिळाले असते. मी तसे म्हणाले. ती म्हणाली, "मैनाताई, यादी ती यादी." त्यानंतर चार वर्षे माझा गोपनीय अहवाल तिने लिहिला. सहकाऱ्यांशी वागणूक: समाधानकारक.

तेव्हापासून आम्ही बोलत नाही. अकरा वर्षे. गरज पडल्यास फ्रिजवर चिठ्ठी लावतो. तिच्या चिठ्ठ्या मी लाल पेनने तपासून परत लावते.

सोसायटीचा पुनर्विकास ठरल्यापासून जयसिंगला बहीण आठवते. "अर्धं घर परक्या बाईच्या घशात घालतीस व्हय?" उद्या सकाळी तो शुभंकरच्या नावाचे बक्षीसपत्र तयार करून आणणार आहे. त्याच्या हाती अर्धा हिस्सा गेला तर दुसरा अर्धा वर्षभरात जाईल. प्रियदर्शनीला चौसष्टाव्या वर्षी पुन्हा भाड्याची जागा शोधावी लागेल. मी त्यावर पुष्कळ विचार केला. काही दिवस तो विचार मला आवडलाही.

सबब, सदनिकेतील माझा संपूर्ण अविभक्त हिस्सा मी प्रियदर्शनी वानखडे हिला देत आहे. यात क्षमा नाही. गेल्या अकरा वर्षांत तिने माझी काडेपेटीसुद्धा वापरलेली नाही. आता मरेपर्यंत माझ्या निम्म्या घरात राहावे. नको असल्यास लेखी नकार द्यावा. तो कसा देतात हे तिला माहीत नाही, असा माझा अनुभव आहे.

५. दारावरच्या पाटीत माझे नाव वर आहे. ते वरच राहील.

६. हे मृत्युपत्र माझ्या पश्चात अंमलात यावे. तोपर्यंत टेबलाची माझी बाजू माझीच.

पुणे, ११ नोव्हेंबर २०२५
मैना रंगनाथ पोकळे

साक्षीदार:
१. डॉ. अभिनव केसकर (माझा माजी विद्यार्थी)
२. शेफाली भिडे (शेजारी)

नोंद, १२ नोव्हेंबर: आज सकाळी साक्षीदारांच्या आधी जयसिंग कागद घेऊन आला. दार प्रियदर्शनीने उघडले. "अक्का हाय का?" "आहेत. तुमच्यासाठी नाहीत." तिने दार लावले. साडेनऊला साक्षीदार आले. त्यांच्यासमोर मी सही केली, मग त्यांनी केल्या. प्रियदर्शनीने चहा आणला. दोन कप, त्या दोघांसाठी.