वॉशिंग मशीनवरचा ग्रिल

७ जानेवारी

पकडले जाता जाता वाचले!

टोस्टचा घास तोंडात, आणि आतून ह्यांच्या सपातांचा आवाज — फट् फट्. घास तसाच गिळला. अडकला! डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाल्कनीचं दार किलकिलं करून हे विचारतात, ‘काय झालं?’ म्हटलं, ‘काही नाही, धुण्याची पावडर नाकात गेली.’ मशीन बंदच होतं. ते त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि बोलले नाहीत. हल्ली बोलतातच मोजकं, तेही घोगरं.

मग स्वतःचीच लाज वाटली. मला एक घास अडकला तर केवढं नाटक! ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तोंडाने पाण्याचा थेंबसुद्धा बंद आहे. पोटात नळी. पिचकारीने पातळ खाणं आत सोडायचं, सकाळ-संध्याकाळ मी, दुपारी मी दुकानात असते तेव्हा ते स्वतः. गिळलेलं चुकून श्वासनलिकेत गेलं तर थेट फुफ्फुसात. आणि माणूस कोण? लग्नाच्या जेवणात पहिल्या पंगतीला बसून दुसऱ्या पंगतीचीही चव बघून येणारा! अशा माणसापुढे मी काय तोंड घेऊन चघळत बसू?

९ जानेवारी

हा ग्रिलचा उद्योग कसा सुरू झाला ते लिहून ठेवते, नाहीतर नंतर मलाच वाटेल की डोकं फिरलं होतं.

गॅसवर काहीही केलं की वास सरळ हॉलमध्ये, ह्यांच्या खुर्चीपर्यंत. म्हणून सँडविचचा ग्रिल उचलला आणि मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या डोक्यावर नेऊन ठेवला. प्लग तिथे आहेच. दार लावता येतं. दुकानातून आले की ह्यांची नळी भरायची, टीव्ही लावून द्यायचा, ‘कपडे टाकून येते’ म्हणायचं आणि दोन ब्रेड, बटाट्याच्या चकत्या, झाकण खाली. विचारलंच तर ‘मी दुकानात खाऊन आले’. चष्म्याच्या दुकानात कोण जेवायला घालतं? पण हे विचारत नाहीत.

खायचंही उभ्याने. चोरासारखं.

१२ जानेवारी

ग्रिल ह्यांचा. माझा कधीच नव्हता. रविवारी सँडविचं हे करणार, साफही हेच करणार, आणि वर भाषण फुकट. ‘प्लग काढ. कोमट होऊ दे. ओलं फडकं घडी करून मध्ये ठेव, झाकण लाव. वाफेने आपोआप सुटतं. घाई केलीस की संपलं!’ मी म्हणायचे, ‘अहो, ग्रिल आहे, बाळंतीण नव्हे!’

आता कोमट व्हायची वाट बघत कोण बसतो? तेवढ्यात वास घरभर. आज बटाटा चिकटला होता. नळ सोडला, तारेची घासणी घेतली आणि खसाखसा घासला. काळे कपचे निघाले. आधी वाटलं करपलेलं निघतंय, तर ते कोटिंग!

फडक्याने पुसून ठेवला, जसं काही झालंच नाही.

१३ जानेवारी

चिकटतं. सगळं चिकटतं. चिकटतं म्हणून करपतं, करपतं म्हणून धूर, धूर म्हणून मी दाराखाली ओला टॉवेल सारून खिडकीतून सुपलीने वारा घालतेय! वास लपवायला घासला आणि घासला म्हणून दुप्पट वास. आगीतून फुफाट्यात.

हॉलमधून आवाज आला, ‘काहीतरी... जळतंय.’

‘शेजारचं!’ मी.

शेजारचे महिनाभर गावाला गेलेत. किल्ली आमच्याकडेच आहे.

१६ जानेवारी

गिळायचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या. जीभ दातांत धरून कोरडं गिळायचं, उंच आवाजात ‘ई’ म्हणायचं. हे मुकाट्याने करतात. एवढे शहाण्यासारखे वागतात की मला भीती वाटते.

अठ्ठावीसला तपासणी. एक्स-रे चालू ठेवून थोडं थोडं गिळायला देणार आणि बघणार, कुठे जातंय. ह्या वेळी नाही जमलं तर नळी कायमची धरून चाला, असं डॉक्टर मला मागेच म्हणालेत. ह्यांना सांगितलेलं नाही. बहुतेक माहीत आहे.

जाताना बाई दारात हळूच म्हणाल्या, ‘चोरून काही खात नाहीत ना? बघा हं. आमचे पेशंट फार हुशार असतात. एवढ्याने छाती भरली तर तपासणी राहिली बाजूला.’

‘छे हो!’ म्हटलं. ‘हे नाही तसले.’

‘आणि तुम्ही? गाल बसलेत तुमचे.’

१८ जानेवारी

ग्रिलच्या ट्रेमध्ये चीज. थिजलेला, पिवळा, बोटाएवढा ओघळ.

मी चीज खाल्लेलं नाही.

१९ जानेवारी

मांजर असेल म्हणून मनाला समजावत होते. मांजर प्लग लावतं का? आज आले तर ग्रिलची पाठ अजून कोमट! आणि स्वच्छ. माझ्यापेक्षा स्वच्छ. बिजागरीच्या फटीतलं, मी कधीच न काढलेलं, तेही काढलेलं.

हे खातायत.

देवा, हे खातायत! मी तिकडे लोकांच्या नाकावर चष्मे बसवतेय आणि इकडे हे सँडविच हाणतायत. ब्रेड संपतोय हे लक्षात आलं होतं, वाटलं मीच बकासुर झाले. संध्याकाळभर ह्यांच्या मागे मागे. दोनदा खोकले, मी दोन्ही वेळा धावले. पाठीला कान लावला. ‘काय?’ म्हणाले. ‘काही नाही, शर्टाला कसला वास येतोय बघत होते.’ वेड्यासारखी.

विचारू कसं? विचारलं तर ग्रिल बाल्कनीत का, हे आधी मला सांगावं लागेल. चोराच्या मनात चांदणं!

२० जानेवारी

ग्रिल कपाटात ठेवून कुलूप लावायचं ठरवलं. कुलूप सापडलं, किल्ली नाही.

२१ जानेवारी

फ्रीजमधलं चीज फेकून दिलं. मग वाटलं, हे खाली जाऊन आणतील. धाप लागेल. परत आणून ठेवलं. हे काय चाललंय माझं!

आज एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला. बाई जाऊन परत आल्या, ‘मला दोन दोन जिने दिसतायत!’ मालकीणबाईंनीच तो बदलून दिला. आता रजा मागितली तर नाही म्हणणार नाहीत. उद्या अर्ध्या दिवसाने निघते. रंगेहाथ पकडते.

२२ जानेवारी

सगळं लिहूनच ठेवते.

दुपारी गेटपाशी आले. वॉचमनकाका खुर्चीवर बसून जेवत होते. आमच्या निळ्या काठाच्या बशीत! अर्धं सँडविच हातात, उरलेलं बशीत. मला बघून उठले आणि हसून म्हणतात, ‘वहिनी, साहेबांना सांगा, आज चीज जरा कमी होतं!’

मी म्हटलं, ‘साहेब देतात तुम्हाला?’

‘रोज. हाक मारतात, मी वर जाऊन आणतो. म्हणतात, वास मी घेतला, उरलेलं तू घे. मी म्हटलं, साहेब, उरलेलं कसलं, अख्खंच आहे!’

मी तिथेच कठड्यावर बसले. काका पाणी आणायला धावले.

वर गेले तर हे बाल्कनीत. मशीनवर ग्रिल, प्लग काढलेला, प्लेटांच्या मध्ये ओलं फडकं, झाकण बंद. आणि हे बाजूला पाटावर बसून वाट बघतायत. कोमट व्हायची.

ओरडायचं नाही असं जिनाभर ठरवलं होतं. ओरडलेच. ‘अहो, जीव घ्यायचाय का माझा!’

‘खात नाही,’ म्हणाले. मग बराच वेळ श्वास घेऊन, ‘नुसता... वास. तू सगळा... पुसून टाकतेस. घर आहे का... दवाखाना?’

मी ज्याच्यापासून ह्यांना वाचवत होते, तेवढंच ह्यांना हवं होतं. आणि मी दाराखाली टॉवेल सारत बसले होते. रडू आलं, तिथेच, धुवायच्या कपड्यांत तोंड खुपसून. हे पाठीवर थोपटत राहिले. थोड्या वेळाने घोगऱ्या आवाजात विचारतात,

‘कोटिंग... कोणी घालवलं?’

२३ जानेवारी

ग्रिल स्वयंपाकघरात परत. दार सताड उघडं.

ह्यांच्या समोर बसून जेवले. टेबलावर, ताटात. पहिला घास जाईना. हे माझ्या तोंडाकडे बघतायत, मी भिंतीकडे. ‘चाव,’ म्हणाले. चावला. मग सूचना सुरू: ‘आता उलट... अजून नाही... थांब... तूप जास्त लाव, कोटिंग नाहीये.’ तरी करपलंच. डोळे मिटून वास घेतला आणि मान हलवली. नापास!

वॉचमनकाकांचा वाटा चालूच ठेवायचा, असा ह्यांचा हुकूम आहे.

२७ जानेवारी

उद्या. कशातच लक्ष नाही. ग्रिल उगाचच दोनदा पुसला.

२८ जानेवारी

झाली तपासणी. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी खाली सरकत होतं. मला काही कळलं नाही. डॉक्टर म्हणतात, ‘परवा सांगतो.’ परवा म्हणजे काय? ह्यांना काय, मस्त झोपलेत. मी घरभर फेऱ्या घालतेय.

३० जानेवारी

एक चमचा चालेल! लगदा, घट्ट, आणि बाई समोर असताना. मी भोपळ्याच्या फोडी ग्रिलवर भाजल्या, कुस्करल्या, गाळल्या, पुन्हा गाळल्या. ह्यांनी हनुवटी छातीला टेकवली आणि गिळलं. बाईंनी गळ्याला बोटं लावून ठेवली होती. मी ओट्याची कड धरून उभी. खोकला नाही. पुन्हा वाट बघितली. नाहीच.

मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

‘करपलाय.’