मांडीच्या हाडातला ठिपका

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. घरी सगळे ठीक आहेत. तुझ्या वॉर्डातल्या ड्यूट्या अजून तशाच उलटसुलट असतील.

परवा फोनवर तू गुडघ्याचं विचारलंस आणि मी “झीज आहे” म्हणून विषय बदलला. पूर्ण सांगितलं नाही.

पंचवीस वर्षं फरशी बसवतोय, म्हणजे निम्मं आयुष्य गुडघ्यांवरच गेलं. आतली गादी फाटलेली निघणार हे मला स्कॅनच्या आधीच माहीत होतं. पण रिपोर्टात खाली आणखी एक ओळ निघाली. मांडीच्या हाडात दीड सेंटिमीटरचा ठिपका, पुढील तपासणी करावी.

स्कॅनवाली म्हणाली, “आम्ही फक्त फोटो काढतो, डॉक्टरांना विचारा.” डॉक्टर म्हणाले, “तुमच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही.” हाड माझं, ठिपका माझा, आणि संबंध नाही म्हणे. अकरा दिवस हेलपाटे घातले. कामात लक्ष नाही. एका बाथरूमला उतारच उलटा दिला, पाणी दाराकडे यायला लागलं. सगळी फरशी उखडून पुन्हा बसवली. ही म्हणाली, “ताईंना विचारा की, त्या नर्स आहेत.” तर तिच्यावरच खेकसलो.

शेवटी एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून समोर बसवून समजावलं. “ही कूर्चेची जुनी गाठ आहे. लहानपणापासून असेल. गुडघा दुखला नसता तर कधी कळलंही नसतं. सहा महिन्यांनी पुन्हा एक फोटो काढू.”

“मग लिहून घाबरवता कशाला?”

“दिसलं ते लिहावं लागतं. बहुतेकांचं काही नसतं.”

“आणि ज्यांचं असतं?”

“त्यांच्यासाठीच तर लिहितात.”

मला तिथे बसवेना.

ताई, बाबांच्या रिपोर्टातही अशीच ओळ होती. त्यांचा गुडघा धरला तेव्हा मीच घेऊन गेलो होतो. साइटवर माणसं खोळंबली होती. इंग्रजी वाचताना मी अडखळतो, ते काउंटरवर चारचौघांत दिसू नये असंही वाटलं. कोणाला काही न विचारता घरी आलो आणि तुला फोन केला, “झीज आहे.” नऊ महिन्यांनी, सगळं हाताबाहेर गेल्यावर, तू जुने कागद मागितलेस. मी सापडत नाहीत म्हणालो. तोवर त्या ओळीचा अर्थ मला कळला होता.

दर वर्षी बाबा गेले त्या तारखेला तू म्हणतेस, “मी नर्स असून माझ्या लक्षात आलं नाही.” सहा वर्षं तुला ते म्हणू दिलं.

चिडचिड होते नुसती, आणि काढायची कोणावर? स्वतःच्या ठिपक्यासाठी पाच दारं ठोठावली. बाबांसाठी एकही ठोठावलं नाही. कदाचित ते वाचलेही नसते. पण तू निदान सुट्टी टाकून वेळेवर आली असतीस.

त्यांचा रिपोर्ट या पाकिटात ठेवला आहे. ओळ दुसऱ्या पानावर, खालून तिसरी. वाचून फोन करायलाच हवा असं नाही.

अजूनही भाऊ म्हणत असशील तर,
तुझा धाकटा