पितळी गोळ्यांमधली फट

सोमवार, ३ तारीख
लेकीकडे राहायला आले. खोली ऐसपैस, उजेड भरपूर. वही लेकीने दिली. म्हणाली, चौथी शिकलीस ती वाया नको जायला. जावयाला मागच्या शेडात वीज पाडायचा छंद. तारा गुंडाळलेला उंच खांब, माथ्यावर जांभळ्या ठिणग्या. त्याने बटण दाबलं की माझ्या खोलीतला पंखा मंदावतो. माणसं उतारवयात देवाला लागतात, हा चाळिशीतच विजेला लागला. बोलायला मात्र गोड.

गुरुवार, ६
जावयाने सगळं समजावलं. दुकानाच्या झगमगत्या पाटीचा जुना ट्रान्सफॉर्मर त्याने मुद्दाम निवडलाय. दाब हजारोंचा, पण करंट तो आपला आपण आवरतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमधला सहज मिळतो, पण त्याला आवर नाही; हात लागला की माणूस संपला. पाटीवाल्या ट्रान्सफॉर्मरपुढे दोन पितळी गोळ्या, मध्ये नखाएवढी फट. दाब वाढला की ठिणगी तिथे उडते, ट्रान्सफॉर्मर वाचतो. म्हटलं, म्हणजे घरातली सासू. सगळ्यांचा राग तिच्यावर. हसला.

शनिवार, ८
दोघं बाहेर. बसून खायची मला सवय नाही. शेड झाडलं. गोळ्या काळ्याठिक्कर, काढून लिंबाने लख्ख घासल्या. बसवताना फट किती होती ते आठवेना. बसवल्या अंदाजाने.

रविवार, ९
ट्रान्सफॉर्मर जळाला. घरभर डांबराचा वास. जावयाने गोळ्या पाहिल्या, बोटभर लांब. लेकीला विचारलं, तू हात लावलास? ती नाही म्हणाली.
"मग काय आईंनी लावला?"
दोघं हसली. मीही हसले.

मंगळवार, ११
बोलणं बंद दोघांचं. तो म्हणाला, चुकलीस त्याचं काही नाही, खोटं का बोलतेस. लेक रडली. मी भाजी निवडत बसले.
शेडातून गुणगुण येते. प्लग काढलेला आहे, बघून आले. तरी येते.

गुरुवार, १३
पाटीवाला दुसरा मिळेना. ओव्हन फोडून त्यातला काढलाय. लेक नको म्हणाली. तो म्हणाला, कुणी हात लावला नाही तर काही होत नाही.
लेक म्हणाली, "मी कशालाही हात लावलेला नाही, खांबाशेजारीच उभी राहते. मग तरी विश्वास बसेल?"

शुक्रवार
गुणगुण भिंतीत. उशीत. उद्या सांगेन—

शनिवार
दोघं शेडात गेली. लेक खांबाला खेटून— मी दारापर्यंत गेले. तोंड उघडलं. विचारलं काय, तर चहा ठेवू का. परत आले. थू माझ्यावर.
लिहून देते. दाराखालून सरकवते.
जावईबापू, लेक खरं बोलते. गोळ्या मी काढल्या. मीच लांब बसवल्या. बटण दाबू नका. तिला बाहेर—
पंखा मंदावला.
बापू, आधी तिला