सांग तिला म्हणावं

तात्या, आज दुपारी ऑफिसात तीन कॉम्प्युटर एकमेकांशी सरळ बोलले आणि मला पहिली आठवण तुमची आली. प्रेमानं आली असं समजू नका. सगळे टाळ्या वाजवत होते, कुणीतरी पेढे आणायला पळालं, आणि मी खुर्चीत बसून मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण जिवंतपणी तुम्ही भांडायलासुद्धा समोर आला नाहीत, त्याला मी काय करू?

मी काय काम करते हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. आता ऐकाच. गणितं करणारी सॉफ्टवेअर असतात, निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी आपापल्या परीनं बनवलेली. एक समीकरणं सोडवण्यात पटाईत, दुसरं मोठमोठ्या संख्यांचे अवयव पाडतं, तिसरं आकृत्यांची सममिती तपासतं. प्रत्येक जण आपल्या घरचा राजा. एकाचं उत्तर दुसऱ्याला हवं असेल तर मध्ये माणूस बसायचा, इकडचं तिकडं उतरवून द्यायला. त्या सगळ्यांना बोलण्याची एकच रीत लावून द्यायची, हे माझं काम. त्या रीतीला प्रोटोकॉल म्हणतात. त्यात नुसता शब्द पाठवून भागत नाही, तो कुठल्या अर्थानं वापरलाय तेही बरोबर पाठवायचं. आणि एक नियम अगदी पक्का: विचारलं की जबाब द्यायचाच. उत्तर असेल तर उत्तर, नाहीतर 'मला जमलं नाही' एवढं तरी. तोंड फिरवून बसायची सोय तिथं कुणालाच नाही.

हे काम मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. तुम्ही आणि थोरल्या आबांनी शिकवलं. तुमचे सख्खे थोरले भाऊ, आपल्या गावची, पणदऱ्यातली ती सामाईक विहीर, आणि तिचं पाणी एक दिवस तुमचं, एक दिवस त्यांचं. वाटणी करताना चार शहाणी माणसं बसली होती म्हणे, पण दिवस कुठून मोजायचा हे एकालाही सुचलं नाही. तुम्ही उजाडल्यापासून मोजायचा, आबा मोटरीला लाईट आल्यापासून ती जाईपर्यंत. एकदा टोमॅटोच्या सऱ्या निम्म्या भिजल्या असताना आबांनी मोटर बंद केली, आणि तिथून दोघांचं बोलणं बंद. सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही, अशातले तुम्ही दोघे. मग शाळेतून आले की मी बांधावर. आबा विहिरीच्या त्या कडेला, तुम्ही ह्या कडेला, आणि मधे मी.

"पोरी, सांग तुझ्या बापाला, लाईट गेली, पाळी सपली म्हणावं."

तुम्हाला ते धडधडीत ऐकू आलेलं असायचं. तरी मी विहिरीला वळसा घालून येऊन तेच परत सांगेपर्यंत तुम्ही जागचे हलायचा नाहीत.

"सांग त्याला, माझा दिस अजून मावळला न्हाय. आन् मोटरीला हात लावलास तर हात मोडीन, हेबी सांग."

मी जाऊन म्हणायची, "आबा, तात्या म्हणत्यात, वाईच ऱ्हायलंय." हात मोडायचं मी वाटेतच टाकून द्यायची. माझ्या तोंडून कधी शिवी इकडची तिकडं गेली नाही. त्याची शाबासकी कुणी दिली नाही ते सोडा, पण रस्त्यानं जाणारे लोक गाडी थांबवून आपला तमाशा बघायचे आणि हसायचे, ते तुम्हाला दिसत नव्हतं का हो?

मग तीच रीत माझ्यावर आली. इंदापूरकडचं स्थळ, डाळिंबाची बाग, एकुलता एक मुलगा. आईनं तर मनातल्या मनात साडीसुद्धा निवडून ठेवली होती. मी स्वयंपाकघरात येऊन तुमच्यापुढं उभी राहिले आणि म्हणाले, मला गणितात पुढं शिकायचंय, एवढ्यात लग्न नको. तुम्ही भाकरी मोडताय. मान वर करत नाही. आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरलीय, करपल्याचा वास सुटलाय. आणि तुम्ही आईला म्हणताय, "सांग तिला, शिक म्हणावं. पर हितनं पुढं माझ्याशी बोलायचं काम न्हाय." मी तिथंच उभी आहे, हात लांबवला तर तुमच्या खांद्याला लागेल. मला वाटतंय, रागाच्या भरात म्हणाले, उद्या बोलतील.

उद्या बोलला नाहीत. पुण्याला शिकायला गेले तेव्हा नाही, नोकरी लागली तेव्हाही नाही. दिवाळीला घरी आले की तुम्ही खांबाकडं बघून आईला म्हणायचात, "इचार तिला, एष्टी गावली का?" मी म्हणायची, "सांग त्यांना, गावली." आई बिचारी दोघांच्या मधे लसूण सोलत बसलेली. "मी काय टपालाची पेटी हाय का गं?" असं ती एकदा मला म्हणाली, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग ती रडायला लागली. तुम्ही तेव्हा रानात होता.

एका दिवाळीत मी मुद्दाम आईला माझं काम समजावून सांगितलं, तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तुम्ही सुपारी कातरत होता. सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "इचार तिला, एवढं शिकून निरोप्याचंच काम करती व्हय?" झोंबलं, तात्या. अजून झोंबतं, कारण खोटं नव्हतं. फक्त मला निरोप्या केलं कुणी, हे तुम्हाला विचारायचं राहिलं.

शेवटी बारामतीच्या दवाखान्यात आबा काठी टेकत तुम्हाला बघायला आले. मी सवयीनं उठले आणि खाटेच्या आणि त्यांच्या मधे जाऊन उभी राहिले, निरोप न्यायला. आणि तुम्ही माझ्या बाजूनं मान काढून म्हणालात, "ये दादा. बस." सरळ. आबांनी तुमचा हात धरला आणि ढसाढसा रडले. "दिस कुठनंबी मोजला आसता तरी काय बिघडत हुतं रं?" म्हणाले. सगळ्यांनी डोळे पुसले, मीही पुसले. मग मी खाटेच्या कडेला जाऊन बसले. म्हटलं, गाठ सुटली, आता माझ्याशी बोलतील.

आबा गेले. तुम्ही कूस वळवली. मी खाटेच्या कडेलाच बसले होते, तुमचे पाय माझ्या मांडीला लागत होते. तुम्ही आईला म्हणालात, "इचार तिला, जेवली का."

"सांग त्यांना, जेवले," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. आबांनी तुमचं उभं पीक वाळवलं होतं, त्यांना माफी. मी काय केलं होतं? गणित शिकले. लोक मला समजावतात, अगं बापाचं मन फणसासारखं असतं, आतून गोड. असेल बाई. मी जन्मभर काटेच हाताळले, आतलं दुसऱ्यांनी खाल्लं. तुमचा राग मला कळला असता, शिव्यासुद्धा चालल्या असत्या. पण समोर बसलेल्या लेकीबद्दल दुसऱ्याला विचारायचं, हे कुठलं हो प्रेम?

आईलाही जाऊन आता वर्ष झालं. पत्र लिहून तर बसले, पण हे नेऊन देणार कोण? तुमच्या-माझ्या मधलं माणूसच उरलं नाही. आमच्या प्रोटोकॉलमध्ये निरोप पोचला नाही तर पाठवणाऱ्याला तसं कळतं तरी. तुमच्याकडून तेही यायचं नाही, म्हणून हे इथंच ठेवते.

मधे कुणी नाही, तेव्हा आता सरळच सांगते. त्या दिवशी मी जेवले नव्हते, तात्या. तुम्ही मला विचाराल म्हणून थांबले होते.