आधी लागलेलं चौथं रीळ

राजापूर, १२ जानेवारी १९८३

चि. कमळास, अनेक आशीर्वाद.

तुझा पराक्रम मला इथल्या एसटी स्टँडवर कळला! रत्नागिरीच्या चित्रपट मंडळात तू म्हणे बायका गोळा करून बसतेस आणि जपानी सिनेमाखालचं इंग्रजी त्यांना मोठ्याने मराठीत सांगतेस. त्यात मशीन चालवणाऱ्या गंगारामने चौथं रीळ तिसऱ्याच्या आधी लावलं. म्हातारा आधी मेला आणि मग जेवायला बसला. तू बायकांना सांगितलंस, पितर जेवायला आलेत! अख्खी सभा हसली म्हणे. बहिणीला आवरा, असा मंडळाच्या चिटणीसांचा निरोप आहे. २९ तारखेच्या खेळाला तू येणार नाहीस, असं मी त्यांना कळवतो आहे.

तुझी वहिनी मालन बरी आहे. रागावलो तरी माया आहेच.

तुझा दादा, महिपत

रत्नागिरी, १७ जानेवारी

ती. दादास, शि. सा. न.

रिळं मागेपुढे लागलीत हे मला कळलं नाही, कबूल. पण चिटणीसांना तरी कुठे कळलं? दिवे लागल्यावर गंगारामने सांगितलं, तेव्हा ते हसले. तोवर तेही मान डोलवत होते!

मला सिनेमातलं काही कळत नाही, दादा. पण ही माणसं आपल्यासारखी जमिनीवर बसतात, आणि कॅमेराही त्यांच्यासोबत खाली बसतो, जणू त्यालाही पाट दिलाय. मुलगी बापाला वाढते, दोघं बोलत नाहीत. आपले बाबा असेच जेवायचे ना? त्यांनी मला आत्याकडे ठेवून कॉन्व्हेंटात घातलं, तेव्हाही लोक हसले होते. ते इंग्रजी चाळीस वर्षं औषधाच्या बाटल्या वाचण्यापुरतंच उपयोगी पडलं. आता कुठे ते चार बायकांच्या कामी येतंय.

म्हाताऱ्याने घास घेतला तेव्हा मासळीवाली तुळसा रडली. तिचा नवरा बोटीवर गेला तो परतलाच नाही. दर वर्षी ती त्याचं पान मांडते. तिला मी खोटं सांगितलं, असं मला वाटत नाही.

२९ला मी जाणार, आणि पुढच्या रांगेत बसणार. तू परस्पर कळवलं असशील, तर परस्परच मागे घे.

वहिनीला नमस्कार. भांडले म्हणून लोभ आटवू नकोस.

तुझी कमळा

राजापूर, २२ जानेवारी

कमळावन्संना, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं, खिशात घातलं आणि बागेत गेले. चिटणीसांना काय कळवलं, ते सांगत नाहीत. मी वाट बघत बसणार नाही. २९ला सकाळच्या एसटीने निघते. ह्यांना सांगितलंय, भात-आमटी झाकून ठेवीन, गरम करून घ्या. तुला इंग्रजी कुठे येतं, असं विचारत होते. मी म्हटलं, म्हणून तर जाते.

जागा धरून ठेवा. लोभ भेटीत वाढवू.

तुमची वहिनी, मालन

ता. क. मला हल्ली कमी ऐकू येतं. तेव्हा नेहमीपेक्षा मोठ्याने सांगावं लागेल.