दोन दिवस न दिलेलं स्टूल

उचगाव, ८ जुलै २०२४

चि. निशिगंधा हिला मामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू इंग्रजीत नापास झालीस आणि नर्सिंग सोडून घरी यायचं म्हणतेस, हे आक्कानं, तुझ्या आईनं सांगितलं. फेरपरीक्षा महिन्यावर आहे, तोवर दम धर. नेमकं कुठं चुकलं ते लिहून कळव. फोनवर तू नुसती रडतेस. मी नववीनंतर लेथवर उभा राहून, मशिनची पुस्तकं वाचत इंग्रजी शिकलो. मोबाइलातल्या डिक्शनरीला बोट लावलं न्हाय. ओळखीचा शब्द डिक्शनरीत बघत बसायचा नसतो, हे तुला सांगितलंच होतं.

तुझ्या काळजीत,
जोतीराममामा

गडहिंग्लज, १३ जुलै २०२४

ती. मामांना सा. न. वि. वि.

तेच नडलं की ओ. भाषांतराच्या उताऱ्यात होतं, 'पेशंट हॅज नॉट पास्ड स्टूल फॉर टू डेज.' स्टूल ओळखीचं, म्हणून सरावात डिक्शनरीच्या ॲपवर कधी बघितलंच नव्हतं. लिहिलं, 'रुग्णाने दोन दिवस स्टूल पुढे दिलेले नाही.' मग तो हट्टी आहे असं धरून पुढचा सगळा उतारा लिहिला. मॅडमनी वर्गात वाचला. माझ्या बाकावरची सलमा म्हणाली, तोच बसला असेल त्यावर. बाकीचे शब्द एकेक बघते, पण ओळ संपेतोवर सुरुवात विसरते. आता वर्गात जाववत नाही.

लोभ कमी करू नये,
निशिगंधा

उचगाव, १८ जुलै २०२४

चि. निशिगंधा हिला आशीर्वाद, वि. वि.

शेजारच्या मोनाकडून ते ॲप मोबाइलात घालून घेतलं. स्टूलचा दुसरा अर्थ शौच, म्हणजे पेशंटला दोन दिवस शौचाला झालं नव्हतं. चूक माझी, आणि वर ती मीच तुला छातीठोकपणे शिकवली. मग 'प्ले' बघितला. बेअरिंगमधला प्ले म्हणजे ढिलेपणा, तो अर्थ अकराव्या ओळीत. पहिल्या ओळीत खेळ. आपण वरची ओळ घेऊन पळतो, त्याला ॲप काय करणार?

मोबाइल पालथा ठेवून उतारा पुरता वाच. अडलेल्या शब्दाचा अंदाज पेन्सिलीनं लिही. मगच ॲप उघड आणि सगळे अर्थ वाच. वाक्यात बसेल तो घे. ओळखीचा शब्द वाक्यात बसत नसला तर तोही बघ. सरावाची वही मला पाठवू नकोस, मॅडमना दाखव.

आशीर्वाद आहेतच,
जोतीराममामा

गडहिंग्लज, २४ ऑगस्ट २०२४

ती. मामांना सा. न. वि. वि.

फेरपरीक्षेच्या पेपरात 'ड्राउझी' अडला. मोबाइल बाहेर. उतारा शेवटपर्यंत वाचला. गोळी घेतल्यावर पेशंट जेवता जेवता मान टाकत होता. 'पेंगुळलेला' लिहिलं. बरोबर निघालं. पन्नासात एकतीस.

सोमवारपासून वॉर्डात ड्युटी. नर्सिंग सोडायचं म्हणून घरी पाठवलेली गादी तेवढी एसटीनं परत धाडायला आईला सांगा.

माया असू द्यावी,
निशिगंधा