म्हातारीचं नाक

प्रिय लिओनहार्ट,

बंदरावरच्या जुन्या जकातघराला तुझं नाव देणार, हे नक्की झालं. आमच्या मुखवटेवाल्यांच्या मंडळाचा प्रमुख आल्बान काल घरी येऊन सांगून गेला. ईस्टरचे उपवास सुरू होण्याआधीच्या, मुखवट्यांच्या सणाच्या गुरुवारी उद्घाटन, आणि पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुझी.

बाकी इथे सगळं तसंच. सरोवर काठाशी गोठलंय. मासे कमी, म्हणून कोळी एकमेकांच्या जाळ्यांना नावं ठेवतात. बाबांच्या मुखवट्यांच्या कारखान्यात आता सायकली विकतात, तरी दमट हवेत तिथे लाकडाचा वास येतो. तू पटाशी धरायला तिथेच शिकलास. पोराच्या हाताला फार घाई, असं बाबा म्हणायचे. शेवटच्या थंडीत त्यांनी सणातल्या सरोवराच्या म्हातारीचा मुखवटा कोरायला घेतला तेव्हा मी समोर स्टुलावर बसायचे. खोकला थांबला की ते माझ्या नाकावरून बोट फिरवायचे आणि मुखवटा आतून खरवडायचे. माझं नाक तुझ्याच वल्ह्याने वाकडं झालं होतं. त्यावर आपण दोघं किती हसायचो. वसंतात बाबा गेले. महिन्याभरात तू गाव सोडून गेलास, तुझ्याबरोबर म्हातारीही गेली. पुढे म्युनिकच्या पेपरात तिचा फोटो आला, शेजारी तू. ती मीच कोरली, कुणाचाही चेहरा समोर नव्हता, सगळं कल्पनेतून आलं, असं तू सांगितलं होतंस. मी गावात खरं सांगत फिरले. बुर्गीला टाकून गेला म्हणून जळते, असं म्हणून लोकांनी माझं बोलणं हसण्यावारी नेलं. इतकी वर्षं तेच चाललंय.

आता म्हातारी गावाला परत मिळाली आहे. सणाच्या दिवसांत मुखवटा काचेआड ठेवायचा नाही, कुणीतरी घालायचाच, हा आल्बानचा हट्ट तुला माहीत आहे. मंडळातल्या बायकांनी एकेक करून घालून पाहिला. एकीचं नाक सोललं. दुसरी म्हणाली, कोरणाऱ्याचं बायकांशी वैर असणार. मग मी घातला. पट्टा न बांधताच बसला. आल्बानने तो माझ्या हातातून घेतला, दिव्याखाली उलटा धरला, आतला बाक पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बुर्गी," तो म्हणाला, "यात तर तूच राहतेस."

गुरुवारी मीच म्हातारी. तू इथलाच, तेव्हा रीत मी काय सांगू? मुखवट्याआडून कुणालाही तोंडावर काहीही सुनवावं. ऐकणाऱ्याने बसून ऐकावं, उलट बोलू नये, आणि शेवटी वाइन पाजावी. गावात एव्हाना सगळ्यांना कळलंय, पण तुला कुणी कळवणार नाही. त्यांना मजा बघायची आहे. मी कळवते, म्हणजे गाफील गाठलं असं तुला म्हणता येणार नाही. आलास तर तुला सांगेन. नाही आलास तर खुर्चीला सांगेन. बंदरावरच्या चौकाला दोन्ही सारखंच ऐकू येईल. बोलून झालं की मुखवटा काढीन, लोकांना माझं नाक नीट बघू देईन, आणि म्हातारीला तुझ्या मांडीवर, नाहीतर खुर्चीवर ठेवीन. उलटी, आतली बाजू वर.

तुझीच,
बुर्गी